यूके: घर सोडल्यावर गॅसचं शेवटचं बिल अंदाजाने लावलंय. दाद कशी मागायची?

मृद्गंधा
नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीच्या मध्यात आम्ही मिल्टन कीन्सचा भाड्याचा फ्लॅट सोडून लीड्सला आलो. निघायच्या दिवशी गॅस आणि वीज, दोन्ही मीटरचे फोटो काढले, कंपनीच्या अ‍ॅपवर आकडे भरले आणि मगच एजंटकडे किल्ल्या दिल्या. आता शेवटचं बिल आलंय, तर गॅसच्या आकड्यापुढे 'ई' छापलाय. म्हणजे अंदाजे. माझ्या फोटोत मीटरवर ००२३१ आहे, बिलात ००३१८. सुरुवातीचा आकडा ०००००, कारण ऑक्टोबरच्या मध्यात कंपनीनेच जुना मीटर काढून नवा स्मार्ट मीटर बसवला होता. विजेचं बिल बरोबर आहे. गॅसचं मात्र चार महिन्यांचं ६७५ पाउंडांच्या घरात गेलंय, आणि कंपनीकडे आधीच जमा असलेली आमची शिल्लक वळती करून घेऊन वर ४३१ पाउंड मागताहेत.

फोन केला तर उत्तर मिळालं की 'तुमचं रीडिंग सिस्टिममध्ये दिसत नाही, मागच्या वापरावरून अंदाज बांधलाय.' नवरा म्हणतो भरून टाकू, नव्या घरात कामाचा डोंगर पडलाय. मला ते पटत नाही. जो गॅस जाळलाच नाही त्याचे पैसे कशाला द्यायचे? दोन खोल्यांचा फ्लॅट आमचा, दिवसभर दोघंही बाहेर.

कुणी अशा बिलावर दाद मागितली आहे का? सुरुवात कुठून करू?

चहाबाज
अजिबात भरू नका. बाकी जाणकार येतीलच, मी इथे जागा धरून बसतो. आमचंही घर बदलायचं घाटतंय.

टेम्सकाठी
मृद्गंधा, फोटो आहे ना, मग निम्मं काम झालंय. फोनवर बोलत बसू नका. ईमेल करा आणि पहिल्याच ओळीत स्पष्ट लिहा की ही औपचारिक तक्रार आहे. नुसती चौकशी केली तर ती चौकशी म्हणूनच नोंदवतात. तक्रार म्हणून नोंद झाली की तारीख पडते, आणि पुढचं सगळं त्या तारखेवर चालतं. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही, किंवा त्याआधीच कंपनीने 'याहून जास्त काही करता येणार नाही' असं लेखी दिलं, तर एनर्जी ओम्बड्समनकडे, म्हणजे वीज-गॅसच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र लोकपालाकडे, जाता येतं. तिथे एक पेनीही लागत नाही. त्यांचा निर्णय तुम्ही मान्य केलात तर कंपनीला पाळावाच लागतो, तुम्हाला मात्र तो नाकारायची मुभा असते.

ईमेलमध्ये घर सोडल्याची तारीख, मीटरचा क्रमांक आणि मूळ फोटो द्या. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेला नको, त्यात काढल्याची तारीख-वेळ पुसली जाते. फोनमधली मूळ फाइल जोडा. मीटरचा क्रमांक आकड्यासोबत एकाच फोटोत आला असेल तर सोन्याहून पिवळं.

भाड्याचं घर होतं म्हणताय, मग एजंटने चेकआउट अहवाल, म्हणजे घर सोडतानाच्या स्थितीची नोंद, केला असणार. त्यात बहुतेक वेळा मीटरचे आकडे असतात. तो माणूस ना तुमचा ना कंपनीचा, म्हणून त्या कागदाला वजन असतं. आजच मागून घ्या.

आणि वाद नसलेली रक्कम भरून टाका. तुमच्या हिशेबाने जेवढी होते तेवढी. उरलेल्या रकमेची वसुली तक्रार निकाली निघेपर्यंत थांबवा, असंही त्याच ईमेलमध्ये लिहा.

हडपसरी
टेम्सकाठींशी असहमत. तत्त्व म्हणून सगळं ठीक आहे, पण ही मंडळी थकबाकी वसुली एजन्सीकडे देतात, आणि एकदा क्रेडिट फाइलवर (कर्जफेडीच्या नोंदीवर) डिफॉल्ट, म्हणजे थकबाकीचा शेरा, लागला की सहा वर्षं राहतो. उद्या घरासाठी मॉर्गेज घ्यायला गेलात की ४३१ पाउंड कुठल्या कुठे जातील. आधी भरा, मग निवांत भांडा. बिल चुकीचं ठरलं तर पैसे परत द्यावेच लागतात त्यांना.

टेम्सकाठी
भीती खरी आहे, पण क्रम उलटा नको. एकदा पैसे गेले की कंपनीला घाई उरत नाही आणि मागे लागायचं काम तुमच्या गळ्यात पडतं. लेखी तक्रार चालू आहे आणि मान्य रक्कम भरली आहे, हे कागदावर असलं की वसुलीवाल्यांनाही तेच दाखवता येतं. तुम्ही म्हणता ते होतं ते बिल न उघडता पडून राहिल्यावर, किंवा पत्रं जुन्या पत्त्यावर जात राहिल्यावर. मृद्गंधा, नवा पत्ता कंपनीला लेखी कळवलाय ना?

मृद्गंधा
हो, पत्ता कळवलाय. बिल ईमेलनेच आलं. चेकआउट अहवाल मागवते. एजंट बाई चांगल्या आहेत.

लेस्टरची_सून
आमच्याकडे वेगळाच घोळ झाला होता, सांगून ठेवते. आम्ही पहिल्या मजल्यावर होतो. चारही फ्लॅटचे विजेचे मीटर खाली जिन्याखालच्या कपाटात, आणि वर खडूने लिहिलेले नंबर पुसट झालेले. घर सोडताना मी रीडिंग दिलं तर कंपनी म्हणे हा आकडा आमच्या नोंदीत बसतच नाही, म्हणून त्यांनी अंदाजाने बिल लावलं. शेवटी समोरच्या गुजराती काकांनी युक्ती सांगितली. घरातला मेन स्विच बंद करायचा आणि खाली जाऊन बघायचं कुठल्या मीटरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबतो. थांबला तो शेजाऱ्यांच्या नावावरचा मीटर! एवढी वर्षं आम्ही त्यांचं बिल भरत होतो आणि ते आमचं. दोन्ही घरांचा व्हिडिओ काढून पाठवला, तेव्हा कुठे माणूस तपासायला आला.

मृद्गंधा, बिलावरचा मीटर क्रमांक आणि फोटोतला क्रमांक एकच आहे का, तेवढं बघ गं.

मृद्गंधा
ताई, आत्ता पडताळलं. क्रमांक एकच आहे.

नाना_कोथरूड
आमच्या पुण्यात उलट परिस्थिती. बिल मालकाच्या नावावर, भाडेकरू गेला की निस्तरायचं मालकाने. माझा फ्लॅट सोडून एक कुटुंब गेलं, मधल्या काळात दाराला कुलूप, रीडिंग घेणाऱ्याला आत जाता आलं नाही. लागलं सरासरी बिल. रिकाम्या घराला भरल्या घराएवढं! तेव्हापासून शेवटचं बिल येईपर्यंत डिपॉझिटमधले काही पैसे मी मागे ठेवतो. भाडेकरूंना राग येतो, पण इलाज नाही.

सावंतवाडीचा
नाना, राग येणारच. माझे असेच ठेवलेले पैसे कधी परत आले नाहीत. यावर सरळ उपाय आहे. किल्ली देताना मालक आणि भाडेकरू दोघांनी मीटरसमोर उभं राहून आकडा बघायचा, साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करायची. मागच्या बिलापासूनचे युनिट मोजता येतात, दर बिलावर छापलेलाच असतो. तिथल्या तिथे हिशोब, पैसे अडकवायचं कारणच नाही. आणि घर रिकामं असेल तर महावितरणच्या अ‍ॅपवरून ग्राहकाला स्वतः रीडिंग पाठवता येतं. ते पाठवा, म्हणजे सरासरी लागायचा प्रश्न येत नाही.

नाना_कोथरूड
सहीच्या कागदाची सूचना रास्त आहे. पुढच्या वेळी तसंच करेन.

फ्रँकफुर्टवाली
सावंतवाडीचा म्हणतात ते इथे जर्मनीत रीतसर चालतं. घर ताब्यात घेताना आणि सोडताना हस्तांतराचा एक कागद करतात. भिंतीवरचे ओरखडे, किल्ल्या किती आणि प्रत्येक मीटरचा क्रमांक व आकडा. खाली दोघांच्या सह्या. त्यामुळे विजेवरून वाद फारसे होत नाहीत. आमची डोकेदुखी म्हणजे हीटिंगचा वार्षिक हिशेब. हिशेबाचं वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत मालकाने तो द्यायचा असतो, म्हणजे घर सोडून दुसऱ्या गावात रुळलात तरी जुन्या घराचं पत्र येऊन थडकतं. मुदत टळल्यावर आलं तर जास्तीचे पैसे सहसा मागता येत नाहीत, म्हणून मी पाकिटावरची तारीख आधी बघते.

चहाबाज
यूकेतही मुदत असते का? म्हणजे वर्षा-दोन वर्षांनी एकदम बिल पाठवलं तर?

टेम्सकाठी
आहे. घरगुती ग्राहकांसाठी ऑफजेमने, म्हणजे इथल्या वीज-गॅस नियामकाने, २०१८ पासून नियम केलाय. चूक कंपनीची असेल, तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे, आधी कधी न लावलेले पैसे नव्याने मागता येत नाहीत. आणि घर सोडल्यावर शेवटचं बिल सहा आठवड्यांच्या आत द्यायचं असतं. मृद्गंधाचं बिल वेळेत आलंय, त्यामुळे इथे हे लागू नाही. पण चहाबाज, तुम्ही लक्षात ठेवा.

सावंतवाडीचा
आपल्याकडे वीज कायदा २००३ च्या कलम ५६ (२) मध्ये दोन वर्षांची मर्यादा आहे. रक्कम पहिल्यांदा देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही, मधल्या बिलांत थकबाकी म्हणून सतत दाखवत आले असतील तर गोष्ट वेगळी. कंपनीने ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि त्यावर मुंबई आणि नागपूरला विद्युत लोकपाल. लोक तिथपर्यंत जातच नाहीत. खिडकीवरच्या माणसाशी भांडून घरी येतात. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, मी कळकळीने सांगतोय.

मृद्गंधा
मंडळी, खबर आहे!

टेम्सकाठींनी सांगितलं तशी लेखी तक्रार केली. एजंट बाईंनी चेकआउट अहवाल लगेच पाठवला, त्यात गॅस ००२३१ स्वच्छ लिहिलंय. कंपनीने रीडिंग मान्य केलं. सुधारित बिल आलं, ४३१ च्या जागी २५७ पाउंड. १७४ पाउंड वाचले. सगळ्यांचे मनापासून आभार. नवरा म्हणतोय आता तरी भरून टाक. भरते उद्या.

हडपसरी
अभिनंदन! मी चुकीचा सल्ला देत होतो म्हणायचं. भरून मोकळ्या व्हा आणि लीड्सच्या घराला शुभेच्छा.

लेस्टरची_सून
शाब्बास गं! आता सामान लागलं का? लीड्सला कढीपत्ता कुठे मिळतो ते विचार मला, माझी नणंद तिथेच असते.

मृद्गंधा
ताई, कढीपत्त्याचं झाड कुंडीसकट मांडीवर घेऊन आलेय. गाडीत सगळ्यात आधी त्याची जागा ठरली, मग नवऱ्याची.

गणितप्रेमी
उद्या भरू नका, एक दिवस थांबा. धागा आज सगळा वाचला आणि एक गोष्ट खटकली.

२३१ युनिट गॅसचे एवढे पैसे होत नाहीत. गॅसचा मीटर आकारमान मोजतो, बिल मात्र ऊर्जेचं, म्हणजे किलोवॉट तासांचं असतं. नव्या मीटरमधला एक घनमीटर म्हणजे साधारण ११ किलोवॉट तास. २३१ गुणिले ११ म्हणजे अडीच हजारांच्या आसपास. तुमचा दर किती ते लिहिलेलं नाही, पण ६ पेन्सच्या आगेमागे धरला तर गॅसचे दीडशे पाउंड, त्यावर स्टँडिंग चार्ज (रोजचा ठरावीक आकार) आणि ५ टक्के व्हॅट. सगळं मिळून दोनशे. तुम्हाला लावलेत पाचशे, पहिल्या ६७५ मधून १७४ वजा केले तर.

माझी शंका अशी. पूर्वीचे जुने मीटर घनफुटांत मोजायचे. त्यांचं एक युनिट म्हणजे १०० घनफूट, ते घनमीटरमध्ये आणायला २.८३ ने गुणतात. तुमचा मीटर ऑक्टोबरमध्ये बदलला. मीटर नवा आला, पण कंपनीच्या नोंदीत एकक जुनंच राहिलं असेल, तर तुमचे घनमीटर पुन्हा २.८३ ने गुणले जाताहेत. बिलाच्या दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात हिशोब असतो. तो इथे उतरवा. आणि फोटो मोठा करून आकड्यांच्या उजवीकडे काय लिहिलंय ते बघा. 'एम' आणि त्याच्या डोक्यावर बारीक ३ असेल तर घनमीटर. 'एफटी' असेल तर घनफूट. घनफुटाच्या मीटरवर सहसा चार काळे आकडे असतात, घनमीटरच्या मीटरवर पाच. तुम्ही पाच आकडे लिहिलेत, म्हणून तर शंका आली.

मृद्गंधा
गणितप्रेमी, हात थरथरतोय टाइप करताना. सुधारित बिलाच्या दुसऱ्या पानावर असं आहे:

२३१ × २.८३ × १.०२२६४ × ३९.५ ÷ ३.६ = ७,३३५ किलोवॉट तास

दर ६ पेन्सच आहे. आणि फोटोत 'एम' वर ३ आहे, स्वच्छ दिसतोय.

पहिल्या बिलात हेच गणित ३१८ घेऊन केलंय, १०,०९८ किलोवॉट तास!

गणितप्रेमी
सापडलं. त्यातला २.८३ काढा. २३१ × १.०२२६४ × ३९.५ ÷ ३.६ = २,५९२. तुमचा खरा वापर एवढाच.

बाकीचे आकडे बरोबर आहेत. १.०२२६४ हा तापमान आणि दाबासाठीचा ठरलेला गुणक, ३९.५ म्हणजे वायूचं उष्मांकमूल्य, ते दर बिलाला किंचित बदलतं, आणि ३.६ ने भागलं की मेगाज्यूलचे किलोवॉट तास होतात. पहिल्या बिलातला १०,०९८ चा आकडा बघूनच कंपनीत कुणाच्या तरी भुवया उंचवायला हव्या होत्या. ऑफजेमने २०२३ मध्ये मध्यम घराचा गॅसचा वापर वर्षाला ११,५०० किलोवॉट तास धरला होता. तुम्ही दोघं छोट्या फ्लॅटमध्ये चार महिन्यांत तेवढा कसा जाळणार?

हडपसरी
कमाल आहे. म्हणजे रीडिंगची चूक १७४ पाउंडांची, आणि एककाची त्याहून मोठी. मी तर 'मोकळ्या व्हा' सांगून बसलो होतो. गणितप्रेमींना दंडवत.

लेस्टरची_सून
मी ताबडतोब उठून आमचं बिल काढलं. १.०२२६४ आहे, २.८३ नाही. मीटरवर 'एम' आहे. जीव भांड्यात पडला.

नाना_कोथरूड
बाई, भारतात आमचं पाइप गॅसचं बिल घनमीटरवरच येतं, तेव्हा हा गुणाकार मला नवीनच. पण एवढा बारीक हिशोब ग्राहकाने तपासायचा ही अपेक्षाच चुकीची आहे. मीटर कंपनीने बदलला, नोंद कंपनीने करायची.

टेम्सकाठी
नाना, शंभर टक्के बरोबर.

मृद्गंधा, आता नवी तक्रार उघडू नका. त्याच तक्रारीच्या उत्तरात लिहा, म्हणजे आठ आठवडे पहिल्या तारखेपासूनच मोजले जातील. 'प्रकरण बंद केलं' असा ईमेल आला असेल तर समाधान झालेलं नाही असं लेखी कळवा. मजकूर छोटा ठेवा. मीटर बदलल्याची तारीख, नव्या मीटरचं एकक घनमीटर आहे हे दाखवणारा फोटो, बिलातलं गणित आणि बरोबर गणित एकाखाली एक. फोनवरच्या माणसाला हे समजावत बसलात तर दमून जाल, मीटरच्या तांत्रिक नोंदी बघणाऱ्या विभागाकडे पाठवा असं लिहा.

फ्रँकफुर्टवाली
एक विचार मनात आला. मृद्गंधाच्या जुन्या फ्लॅटमध्ये आता जे राहायला आले असतील, त्यांनाही याच चुकीच्या नोंदीवरून बिल जाणार ना?

मृद्गंधा
अगदी बरोबर, माझ्या डोक्यात आलं नव्हतं. नव्या लोकांनी कंपनी बदलली नसेल तर ते आपोआप त्याच कंपनीचे ग्राहक झालेत. एजंट बाईंना लगेच लिहिलं, त्यांनी निरोप पोचवला. तिथे आता छोट्या बाळासह एक जोडपं आहे, हीटिंग दिवसभर चालू असणार. त्यांना पहिलंच बिल तिपटीने आलं असतं तर काय वाटलं असतं.

मृद्गंधा
शेवटची खबर. ओम्बड्समनपर्यंत जायची वेळ आली नाही. कंपनीने मान्य केलं की मीटर बदलताना एकक बदलायचं राहिलं होतं. नवं बिल आलंय, गॅसचे सगळे मिळून २०२ पाउंड. देणं शून्य, उलट ४२ पाउंड आम्हालाच परत. बँकेत जमाही झाले. दिलगिरीचं पत्रही आहे, पण मला जास्त बरं वाटलं ते जुन्या फ्लॅटची नोंद सुधारली म्हणून. एजंट बाईंनी तसं कळवलं.

४३१ द्यायला निघालो होतो हो आम्ही! टेम्सकाठी, गणितप्रेमी, ताई, सगळ्यांचीच मी ऋणी आहे. लीड्सला कुणी आलात तर जेवायला घरीच यायचं.

चहाबाज
नक्की येणार. आता माझा प्रश्न. आमची घर सोडायची तारीख अजून पक्की नाही, दोन-तीन दिवस इकडेतिकडे होतील. कंपनीला कधी कळवू? आणि किल्ल्या द्यायच्या आदल्या दिवशीच सामान हललेलं असेल, तर रीडिंग कधीचं घ्यायचं?

टेम्सकाठी
तारीख पक्की झाली की लगेच कळवा, निदान दोन कामाचे दिवस आधी. रीडिंग किल्ल्या देण्याच्या दिवशीचं, कारण करार तोपर्यंत तुमच्या नावावर असतो. रिकाम्या घराचा स्टँडिंग चार्जही तोपर्यंत तुम्हालाच. सामान आधी हललं तर त्या दिवशी एक फोटो काढा आणि किल्ल्या देताना दुसरा.

गणितप्रेमी
आणि फोटो काढताना आकड्यांच्या उजवीकडचं एककही चौकटीत येऊ द्या.